बंद रेडिओचं लायसन

आमच्या घरात काही वर्षं दोन रेडिओंची लायसनं होती आणि वाजत मात्र एकच रेडिओ होता. तेव्हा घरात रेडिओ ठेवायला सरकारी लायसन लागायचं आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागत, त्यामुळं लोणावळ्याच्या पोस्टात दर वर्षी हा विषय निघायचा. मी माझ्या ट्रान्झिस्टरच्या लायसनचं पुस्तक घेऊन खिडकीशी गेलो की पोस्टमास्तर चष्म्यावरून बघत म्हणायचे, "मास्तर, तुमचे आबा कालच येऊन गेले. खोपीतल्या रेडिओचं लायसन भरलं त्यांनी." मीही हसायचो. म्हाताऱ्या माणसांचं चालायचंच, अशा अर्थाचं ते हसणं असे. मी भूगोलाचा मास्तर होतो, घरात कर्ता होतो, आणि जे रेडिओ वाजत नाहीत त्यांचं लायसन भरायचं नसतं एवढं मला नक्की कळत होतं.

माझे वडील, ज्यांना घरच्यांप्रमाणेच सगळा बाजारही आबा म्हणायचा, रेल्वेच्या स्टोअरात स्टोअरकीपर होते. इंडेंट, म्हणजे सामानाचं मागणीपत्र, हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत पवित्र कागद. वस्तू, नग, कारण, सही, शेरा असे त्याचे रकाने. तो भरून आल्याशिवाय आबांनी कधी कुणाला वॉशरसुद्धा दिला नाही. एकदा खुद्द साहेब दारात येऊन म्हणाले, "अहो, सामान आत्ता द्या, कागद नंतर पाठवतो." आबा म्हणाले, "मग सामानही नंतरच न्या." घरीही तीच तऱ्हा. आईनं खिळा मागितला तर तो कशाला हवा, कुठं ठोकणार, हे ऐकून, भिंत बघून मग मिळायचा. आई गेल्यावर आबा निवृत्त झाले, पण स्टोअर त्यांच्यातून निवृत्त झालं नाही.

जुना रेडिओ आमच्याकडं आला तेव्हा मी मॅट्रिकला होतो. तुंगार्लीच्या बाजूला मुंबईच्या एका शेटजींचा बंगला होता. शेटजींची स्टेशनात आलेली पार्सलं आबा नीट सांभाळून ठेवत, त्यामुळं त्यांचा आबांवर लोभ. बंगला विकायचा ठरला तेव्हा त्यांच्याकडं दोन विलायती रेडिओ होते, अगदी जुळे. एक दिवाणखान्यात, एक माडीवर. खालचा त्यांनी आबांना दिला आणि माडीवरचा त्यांच्या माळ्याला. माळी भाजे गावचा. भाज्यात त्या वेळी वीज सोडाच, विजेचा खांबही नव्हता. पण शेटजींना वाटणी सारखी करायची होती आणि ती त्यांनी केली.

आमचा रेडिओ गोधडीत गुंडाळून हातगाडीवरून आला. आबा सबंध वाट त्याच्यावर हात ठेवून चालत होते. अक्रोडाच्या लाकडाचं गुळगुळीत खोकं, पुढं सोनेरी धाग्याचं कापड, चार काळी बटणं आणि मधोमध जगातल्या शहरांची नावं लिहिलेली काचेची पट्टी. स्टेशन नीट लागलं की कोपऱ्यातला हिरवा डोळा बारीक व्हायचा. तो लावला की तापायला चांगलं एक मिनिट घ्यायचा आणि त्या मिनिटात आबा कुणाला बोलू देत नसत. का ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आई, मी, बहीण, आलेला पाहुणा, सगळे गप्प बसून त्या काचेकडं बघायचो. लंडन, कोलंबो, कैरो ही नावं मी त्या मिनिटामिनिटांत पाठ केली. पुढं भूगोल शिकवायला लागलो, त्यात त्या पट्टीचा हात आहे हे मी वर्गात कधी सांगितलं नाही.

मग माझं लग्न झालं, नोकरी पक्की झाली आणि मी ट्रान्झिस्टर आणला. चामड्याच्या झग्यातला, खांद्याला अडकवता येणारा. बटण पिळलं की तत्काळ बोलायला लागायचा. त्याच्यापुढं आबांचा रेडिओ मला एकदम अवजड वाटू लागला. अंगणभर त्याची एरियलची तार, त्याला स्वतंत्र टेबल, त्याची ती एक मिनिटाची ऐट. आबा तीन आठवड्यांसाठी माझ्या बहिणीकडं सांगलीला गेले होते. मी विचार केला, बाहेरची खोली सुटसुटीत करून टाकू. बायको म्हणाली, "अहो, मामंजी आल्यावर त्यांना विचारून करा ना."

"त्यात विचारायचं काय?" मी म्हटलं, आणि रेडिओ उचलून मागच्या अंगणातल्या लाकडाच्या खोपीत नेऊन ठेवला.

आबा आले. पिशवी हातात तशीच धरून त्यांनी टेबलाच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं. तिथं आता माझा ट्रान्झिस्टर आणि प्लास्टिकची फुलं होती.

"कुठं ठेवलास?"

"खोपीत."

"बरं," आबा म्हणाले आणि त्यांनी पाणी मागितलं. एवढंच. मी सुटकेचा श्वास सोडला. म्हातारा समजूतदार आहे, असं मनात म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली खुर्ची मागच्या पडवीत नेली. त्यानंतर ते बाहेरच्या खोलीत बसले नाहीत. येताजाता तिथून जायचे, पण टेकायचे नाहीत. पाहुणे आले की पडवीत त्यांचा चहा वेगळा जायचा. आणि संध्याकाळी सात वाजले की टोपी घालून, काठी घेऊन बाजारात न्हाव्याच्या दुकानात जायचे, बातम्या ऐकायला. मी एक-दोनदा म्हटलं, "आबा, इथं ऐका की. हा ट्रान्झिस्टर आहे ना."

"तिथं आवाज बरा आहे."

न्हाव्याच्या रेडिओचा आवाज म्हणजे तव्यावर मोहरी टाकल्यासारखा. हे आबांना माहीत होतं आणि मला माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं. भांडण झालं असतं तर मला बरं पडलं असतं, कारण भांडणात मी जिंकतो. पण आबांनी भांडायला काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. असे चार पावसाळे गेले.

एक दिवस मधल्या सुट्टीत आमचे हेडमास्तर सहज म्हणाले, "काय हो, वडिलांना घरात रेडिओ लावू देत नाही म्हणे तुम्ही?" खरं सांगायचं तर मला आधी लाज वाटली आणि वाईट नंतर वाटलं. क्रम असाच होता. त्याच संध्याकाळी मी मुद्दाम बाजारातून गेलो. न्हाव्याच्या दुकानात दाढीला आलेल्या लोकांमध्ये बाकावर आबा बसले होते, कान पुढं करून. एक गिऱ्हाईक आत आलं. आबा लगेच उठले आणि त्याला जागा देऊन भिंतीला टेकून उभे राहिले. बातम्या संपेपर्यंत ते उभेच होते. स्वतःचं घर, स्वतःची खोली असलेला माझा बाप. मी तिथून झटकन पुढं निघून गेलो, त्यांनी मला बघू नये म्हणून.

रेडिओ पुन्हा उभा करायचा, असं मी ठरवलं. पण आबांना न सांगता. एक दिवस तो जागच्या जागी ठेवायचा आणि त्यांना चकित करायचं. सरळ जाऊन 'चुकलो' म्हणण्यापेक्षा हे कितीतरी अवघड होतं, पण मला ते सोपं वाटलं.

खोपीचं दार उघडलं. लोणावळ्याचा पाऊस चार वर्षं त्या कुडातून आत येत होता. अक्रोडाचा वरचा पातळ पापुद्रा सुटून केळीच्या सोपटासारखा लोंबत होता. कापड नव्हतं. काचेची पट्टी नव्हती. चारही बटणं नव्हती. मागचं झाकण काढलं तर आतले व्हॉल्व्ह, ते काचेचे दिवे, तेही गायब. मी लगेच निदान केलं, घूस. खोपीत घुशी होत्याच. घुशीला चार बटणं, एक काच आणि रेडिओचे व्हॉल्व्ह कशाला लागतील, हा प्रश्न मला पडला नाही. मी शिकलेला माणूस होतो आणि एकदा कारण सापडलं की पुढचे प्रश्न विचारत नसे.

बाजारातल्या रेडिओ-मेकॅनिकनं खोकं बघून नाक मुरडलं. "मास्तर, व्हॉल्व्हचं मी बघतो. पण आधी हे खोकं उभं करा. असलं कुजकं माझ्या टेबलावर नको. आणि काच-बटणं तुमची तुम्ही शोधा. असा सेट आता कुणी ठेवत नाही."

लोणावळ्यातल्या सुताराकडं दिलं तर आबांना कळणार. म्हणून एका रविवारी, आबा देवळात गेलेले बघून, मी खोकं गोणपाटात बांधलं आणि पॅसेंजरनं कामशेतला नेलं. तिथला सुतार बैलगाड्यांची चाकं आणि भाताच्या कोठ्या करायचा. त्यानं गोणपाट सोडलं, पापुद्रा दोन बोटांत धरून बघितला.

"ह्ये लाकूड हाय का पापड?"

"अक्रोड आहे. विलायती."

"आसंल. आपल्या पावसाम्होरं त्येचं काय चालतंय? मी सागवानी करून देतो. तुमच्या नातवाला पुरंल."

मी त्याला पापुद्रा, पॉलिश, मूळचं रूप वगैरे समजावून सांगितलं. त्यानं मान हलवली आणि तीन महिन्यांनी त्याला हवं तसं केलं. मूळचा जेवढा भाग धड होता तो ठेवून बाकी सगळं सागाचं. उचलताना माझी कंबर धरली. पण खरी गंमत वर होती. खोक्याच्या माथ्यावर मधोमध त्यानं एक कमळ कोरून बसवलं होतं.

"हे काय?"

"वरनं लय भुंडं दिसत होतं. शोभंसाटी बसवलं. त्येचं काय न्हाई घेनार." मग तो म्हणाला, "आसाच एक डबा भाज्यात हाय. माळीबाबाच्या घरी. त्येलाबी मीच कमळ बसवलं व्हतं. द्येव हायती त्येच्यात."

म्हणजे शेटजींचा जुळा रेडिओ अजून होता. पण देवांच्या घरातून काच मागायला जायचं माझ्यानं होईना. मी आधी पुण्याचा जुना बाजार पालथा घातला. चार रविवार. तिथं मोडक्या रेडिओंचे ढीग होते, पण शेटजींनी नेमका कुठला रेडिओ घेतला होता कोण जाणे, त्याचं काही कशाला बसत नव्हतं. बटणं मिळाली, चार दुकानांतून चार. रंग एक, उंची वेगवेगळी. काच काही मिळेना. एक दुकानदार म्हणाला, "साहेब, पुठ्ठ्यावर गावांची नावं लिहून चिकटवा. आत दिवा लागला की कोण वाचतंय?" भूगोलाच्या मास्तराला हा सल्ला फारच लागला. शेवटी मी मळवलीला उतरलो आणि भाज्याची वाट धरली.

माळी वारला होता. घरात त्याची म्हातारी बायको होती. मी ओळख सांगितली, शेटजींचा बंगला सांगितला. तिनं मला आत नेलं. चुलीच्या खोलीत, भिंतीतल्या फळीवर आमचाच रेडिओ होता. डोक्यावर तेच कमळ. आतलं यंत्र काढून टाकून तिथं तांब्याचे टाक, एकवीरेची तसबीर आणि नारळ ठेवला होता. बटणांना झेंडूच्या माळा अडकवल्या होत्या. काचेमागं पत्र्याच्या झाकणात पणती तेवत होती आणि तिच्या उजेडात सगळी शहरं लख्ख दिसत होती. लंडनला हळद लावली होती, कोलंबोला कुंकू.

"इलेक्टरी न्हवती," म्हातारी म्हणाली. "पेटी त लय झाक. मग मालक म्हनलं, द्येव बसवू. आतनं दिवा बी दिसतो."

मी हात जोडले. मग बाहेर ओट्यावर बसून, चहा घेऊन, सगळं सांगितलं. वडिलांचा रेडिओ, घूस, कामशेत, पुणे. न विचारता खोपीत टाकला तेवढं सांगायचं राहिलं. शेवटी म्हटलं, "मावशी, ती काच मला दिलीत तर मी तुम्हाला तशीच दुसरी साधी काच बसवून देतो. नवी."

मावशीनं माझा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला. "आता ती माजी न्हाई. द्येवाची हाय. द्येवाला इचारावं लागंल. बहिरोबानं कौल दिला तर घिऊन जावा."

मी कौल मानणारा माणूस नव्हतो. पण पुण्याच्या चार रविवारांनंतर कुणालाही विचारायची माझी तयारी होती. देवळात गुरवानं बहिरोबाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला एकेक ओली पाकळी चिकटवली. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मावशीनं पदर पुढं घेऊन देवाला सगळं सांगितलं. मग आम्ही तिघं बसून राहिलो. पाकळ्या हलेनात. मला उगाचच वाटायचं, उजवी जरा सुटल्यासारखी दिसते. मी मनातल्या मनात तिला ढकलत होतो. तास गेला. वारा आला, गेला. दोन्ही पाकळ्या शिवणीनं शिवल्यासारख्या जागेवर.

गुरव माझ्याकडं वळला. "गाऱ्हानं कुनाचं हाय ह्ये?"

"माझ्या वडिलांचा रेडिओ आहे."

"वडील हायती?"

"आहेत ना."

"मग ते कुटं हायती?"

"त्यांना माहीत नाही. त्यांना मी एकदम दाखवणार आहे."

गुरवानं मावशीकडं पाहिलं, मावशीनं त्याच्याकडं. "मास्तर, जित्या मान्साच्या माघारी त्येच्या वस्तूचं गाऱ्हानं चालत न्हाई हितं. आमाला वाटलं, बाप गेला आसंल. द्येव कसा बोलंल? बापाला घिऊन या, न्हाईतर त्येचा शबुद घिऊन या."

मावशी म्हणाली, "बापाला इचारलंच न्हाई व्हय तुमी?" तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. तेच जास्त लागलं. मळवली स्टेशनापर्यंत मी पायांकडं बघत चाललो. चार वर्षांपूर्वी बायकोला दिलेलं उत्तर मला शब्दाशब्दानं आठवत होतं. त्यात विचारायचं काय?

घरी आलो तेव्हा आबा पडवीत खुर्चीवर होते. मी समोर पायरीवर बसलो. किती तरी वर्षांनी बसलो असेन. ठरवलेली सगळी वाक्यं विसरलो आणि भलतंच बोललो, "आबा, भाज्याला याल का माझ्याबरोबर?"

"कशाला?"

"काच मागायला. तुमच्या रेडिओची. देव मला देत नाही."

आबांनी मला पूर्ण बोलू दिलं. खोपी, कामशेत, जुना बाजार, पाकळ्या. मग शांतपणे म्हणाले, "खोकं कामशेतला गेलं ते मला त्याच दिवशी कळलं. स्टेशनातली माणसं अजून ओळखतात मला. म्हटलं, आता येशील. चार-आठ दिवसांत येशील." ते थांबले. "काच भाज्याला कशाला मागतोस? काच माझ्याकडं आहे."

त्यांनी आत जाऊन खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली. वर त्यांचे दोन कोट होते. त्याखाली जुन्या धोतराच्या तुकड्यांत बांधलेल्या पुरचुंड्या, आणि प्रत्येकीला दोऱ्यानं बांधलेलं पुठ्ठ्याचं लेबल, त्यांच्या वळणदार अक्षरात. काच, नग १. बटणे, नग ४. व्हॉल्व्ह कापसात गुंडाळून, एकेक वेगळा. सोनेरी कापड वेताच्या काठीवर गुंडाळलेलं. स्क्रूसुद्धा औषधाच्या बाटलीत.

"वस्तू उघड्यावर टाकली की तिचे सुटे भाग काढून स्टोअरात जमा करायचे असतात," आबा म्हणाले. "खोपीत राहिली असती तर घुशीनं नेली असती."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तू मागितलीस कधी?"

मी हात पुढं केला तर त्यांनी पेटीचं झाकण लावलं. "इंडेंट?"

मला वाटलं थट्टा करताहेत. पण त्यांनी कोटाच्या खिशातून शाळेच्या वहीचा एक कागद काढला. त्यावर पट्टीनं रेघा मारून रकाने पाडलेले होते. वस्तू, नग, कारण, सही, शेरा. कागदाच्या घड्या पिवळ्या पडल्या होत्या. तो फार आधी तयार करून ठेवलेला होता.

मी खाटेवर बसून लिहिलं. वस्तू भरल्या, नग भरले. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'दुरुस्ती'. आबांनी चष्मा लावून वाचलं आणि कागद परत दिला.

"दुरुस्ती हे काम झालं. कारण लिही. बंद का पडला?"

मी 'दुरुस्ती'वरूनच पुन्हा पेन्सिल फिरवली.

"बंद पडला नव्हता," आबा म्हणाले. "वाजत होता तो."

मी रोज पन्नास पोरांच्या वह्या तपासायचो आणि 'कारणे द्या'च्या उत्तरांवर लाल रेघा मारायचो. त्या दिवशी पेन्सिल माझ्या हातात जड झाली. 'दुरुस्ती' खोडून मी लिहिलं, 'तुम्हाला न विचारता काढून ठेवला. चूक माझी.' आबांनी ओळीखाली बोट फिरवत ते वाचलं. दोनदा वाचलं. सही केली, शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहिलं, कागदाची घडी करून लायसनच्या पुस्तकात ठेवली आणि पेटीचं झाकण उघडून म्हणाले, "आता ने." माझे डोळे भरून आले होते. ते दिसू नये म्हणून मी बाटलीतले स्क्रू उगाच मोजत बसलो.

स्वयंपाकघरात जाऊन मी बायकोला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"त्या खाटेखाली रोज मीच झाडते," ती म्हणाली. "मामंजी म्हणाले होते, त्याला येऊ दे, त्याचा तो येईल. तुम्ही पुण्याला जात राहिलात."

मेकॅनिकनं दोन दिवसांत सेट बसवला. आबांचा एकही व्हॉल्व्ह बाद निघाला नाही. त्या संध्याकाळी सातला पाच मिनिटं असताना आबांनी आपली खुर्ची स्वतः उचलून बाहेरच्या खोलीत आणली. रेडिओभोवती एक फेरी मारली. कमळापाशी थांबले.

"हे काय?"

"सुताराची हौस."

"देव बसवायचेत यात?" ते म्हणाले आणि बायको तोंडाला पदर लावून हसली. मग त्यांनी बटण फिरवलं. मिनिटभर कुणी बोललं नाही. काच उजळली, शहरं दिसू लागली, हिरवा डोळा उघडला आणि बारीक झाला. बातम्या सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, तोच दारात न्हावी उभा, खांद्यावर टॉवेल तसाच. "आबा आज आले नाहीत, म्हटलं बघून यावं, बरं आहे ना?"

"बसा," आबा म्हणाले. "इथं आवाज बरा आहे."

पुढच्या रविवारी मी भाज्याला जाऊन मावशीला सगळं सांगितलं आणि पुण्याची ती चार बिनकामाची बटणं दिली. तिच्या पेटीची दोन बटणं फुटलेलीच होती. तिनं माझ्यादेखत त्यांच्या जागी उंच-बुटकी दोन बसवून झेंडूच्या माळा अडकवल्या. "बगा," ती म्हणाली, "द्येव उगाच गप बसला न्हवता." मी वाद घातला नाही. चार रविवार पुण्यात घालवूनही मला जे सुचलं नव्हतं, ते त्या पाकळ्यांनी न पडता सुचवलं होतं.

काही वर्षांनी आबांचे गुडघे गेले. पोस्टापर्यंत चालणं होईना, तेव्हा त्यांनी आपलं लायसनचं पुस्तक पहिल्यांदाच माझ्या हातात दिलं. एव्हाना माझा ट्रान्झिस्टर बंद पडून फडताळात गेला होता, आणि त्याचं लायसन मी सवयीनं भरतच होतो. पोस्टात रांग होती. पुस्तक चाळलं तर पानांत तो घडीचा कागद. माझं अक्षर, माझी खाडाखोड, त्यांची सही. आणि शेऱ्याच्या रकान्यात, इतकी वर्षं मी न वाचलेलं, बारीक अक्षरात:

'वस्तू स्टोअरात शिल्लक होती. तसे मागणारास वेळीच कळवावयास हवे होते. कळवले नाही. चूक स्टोअरकीपरची.'

मी ते रांगेत उभ्या उभ्या वाचलं. पुढचा माणूस सरकला तरी मी सरकलो नाही. पोस्टमास्तर म्हणाले, "मास्तर, दोन्ही भरायची ना?"

"दोन्ही," मी म्हटलं आणि कागद होता त्याच पानात परत ठेवला.

घरी आलो तेव्हा आबा बाहेरच्या खोलीत रेडिओसमोर बसले होते. मी पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते उघडलं. घडी जागेवर आहे का ते अंगठ्यानं चाचपलं आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "शिक्का नीट उमटलाय ना?"

"उमटलाय, आबा."

मला अजून काही म्हणायचं होतं. पण सात वाजत आले होते, त्यांनी बटण फिरवलं होतं आणि रेडिओ तापत होता. मी त्यांच्या शेजारी खाली बसलो.